वणव्यानंतर डोंगरावर गुरे केव्हा आणि कशी सोडावीत : नव्या पशुपालकांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. म्हणजे डोंगर जळतो तेव्हा पावसाळा बहुधा काही आठवडे, कधी तीन-साडेतीन महिने दूर असतो, आणि नवे गवत उगवण्याआधीच वळवाच्या टपोऱ्या थेंबांचा मारा उघड्या मातीवर बसतो. ज्यांनी अलीकडेच गुरे किंवा शेळ्या पाळायला सुरुवात केली आहे, गावी परतून पडीक डोंगरजमीन हाती घेतली आहे किंवा ज्यांच्यावर गावच्या गायरानाची देखरेख नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. सह्याद्रीच्या उतारांवरचे आणि दख्खनच्या माळावरचे बहुवर्षायू गवत एखाद्या आगीतून बहुतेक वेळा निभावते. त्याचा खरा घात होतो तो पुढच्या पावसाळ्यात, कोवळा फुटवा अवेळी चरला गेल्यामुळे आणि ओली माती खुरांखाली तुडवली गेल्यामुळे. म्हणून आग विझवण्याइतकेच आग विझल्यानंतरचे आठ-नऊ महिने महत्त्वाचे असतात, आणि त्या काळात नेमके काय करायचे हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

आग काय नेते आणि काय ठेवते

माती उष्णतेची मंद वाहक आहे. वाळलेल्या गवताची आग एका जागी फार थोडा वेळ टिकते, त्यामुळे वरचा एखाद-दोन सेंटीमीटरचा थर तापतो आणि त्याखाली फारसा फरक पडत नाही. मारवेल, डोंगरी, पवना यांसारख्या गवतांचे वाढीचे कोंब जमिनीलगत किंवा किंचित खाली असतात. वरचा पाला जळून गेला तरी हे कोंब आणि मुळांतला अन्नसाठा शिल्लक राहतो. जिथे जाड ओंडका तासन् तास धुमसत राहिला असेल, तिथली गोष्ट वेगळी. तिथे मुळे, बी आणि मातीतले सूक्ष्मजीव सगळेच भाजून निघतात.

नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसपासूनच वायुरूपाने उडून जाऊ लागते. स्फुरद, पालाश आणि कॅल्शियम मात्र बऱ्याच प्रमाणात राखेत उरतात, आणि ही राख जागेवर राहिली तर ती खतच आहे. अडचण एवढीच की ती हलकी असते आणि पहिल्या दोन-चार सरींबरोबर ओढ्यात जाते. जळालेल्या उतारावरून उन्हाळ्यात गुरे चालली की मातीचा वरचा पापुद्रा फुटतो, राख आणि माती भुसभुशीत होते, आणि वळवाचे काम सोपे होते. म्हणून गवत नसतानाही, ‘तिथे खायला आहेच काय’ असे म्हणून गुरे त्या बाजूने हाकणे टाळावे.

‘जाळल्याशिवाय गवत चांगले येत नाही’ ही समजूत अनेक गावांत पक्की आहे आणि दरवर्षीच्या कित्येक वणव्यांचे मूळ तीच आहे. तिच्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. जुनी वाळकी काडी गेल्यामुळे नवा फुटवा लवकर नजरेत भरतो, तो कोवळा असतो, त्यात प्रथिने अधिक असतात आणि जनावरे तो आवडीने खातात. परंतु ही पहिली दोन-तीन पाने मुळांतल्या साठ्यावर येतात. ती खाल्ली गेली की गवत उरलासुरला साठा काढून पुन्हा फुटते, तेही खाल्ले गेले की मुळे आखडत जातात. दरवर्षी हेच घडत राहिले की चवीचे गवत मागे पडते आणि कुसळीचा माळ उरतो.

कुसळीचे बी हातात घेऊन पाहावे, म्हणजे ती का टिकते हे कळते. तिच्या दाण्याला सुईसारखे टोक आणि मागे लांब, पिळदार केस असतो. तळहात ओला करून त्यावर कुसळ ठेवली तर तो पीळ उलगडताना डोळ्यांना दिसतो. दव आणि उन्हामुळे अशीच पुढे-मागे फिरत ती मातीत रुतते आणि आगीच्या वेळी जमिनीखाली सुरक्षित असते. हेच टोक मेंढीच्या लोकरीतून कातडीत आणि गुरांच्या हिरड्यांत घुसते.

पहिले काम : जनावरे तपासा आणि जमीन कोणाची आहे ते पाहा

वणव्याच्या वेळी जनावरे डोंगरावर असतील तर खुरांच्या बेचक्या, सड, कास आणि डोळे त्याच दिवशी नीट पाहावेत. गरम राखेतून चाललेले जनावर लगेच लंगडेलच असे नाही. खुराला झालेली इजा काही दिवसांनी उघड होते, त्यामुळे पुढचे दोन आठवडे चालीवर लक्ष ठेवावे आणि खोकला किंवा धाप दिसल्यास पशुवैद्यकांना बोलवावे.

त्यानंतर जागा मालकीची, गायरानाची की वन विभागाची, हे निश्चित करावे. राखीव वनात परवानगीशिवाय गुरे चारणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. नवख्यांना सहसा ठाऊक नसलेली बाब अशी की, राखीव वनातली आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या भागातले चराईचे आणि वनोपज घेण्याचे हक्क ठरावीक काळासाठी स्थगित करण्याचा अधिकार याच कलमाने राज्य शासनाला दिला आहे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला असून त्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही समावेश आहे. गावाला असा हक्क मिळाला असेल तर चराईबाबतचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा आणि तो वनरक्षकाला लेखी कळवावा. वनातील आगीची खबर देण्यासाठी राज्याच्या वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

दुसरे काम : जळालेली जमीन वाचा

यासाठी खुरपे, पाण्याची बाटली, वही आणि मोबाइल एवढेच लागते. जागा पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात, उताराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे.

राखेचा रंग आधी पाहावा. काळी राख आणि अर्धवट जळालेले बुंधे म्हणजे आग वरवरची होती. पांढरी राख आणि तिच्याखाली तांबूस, भाजलेल्या विटेसारखी माती म्हणजे तिथे बराच वेळ ताव होता. असे पट्टे बहुधा लहान असतात, पण पुढे तण तिथूनच शिरते, म्हणून त्यांची नोंद स्वतंत्र करावी.

मग गवताची ठोंबे तपासावीत. ठोंबाच्या कडेला खुरप्याने दोन-तीन बोटे माती उकरून मुळाजवळचा भाग नखाने खरवडावा. आत पांढरट किंवा फिकट हिरवा, किंचित ओलसर गाभा दिसला तर ठोंब जिवंत आहे. तपकिरी, ठिसूळ आणि चुरा होणारा असेल तर मेलेले आहे. वेगवेगळ्या जागची वीस-पंचवीस ठोंबे अशी पाहिली की अंदाज येतो. निम्म्याहून अधिक जिवंत असतील तर बी टाकण्याचा खर्च करू नये. तिथे विश्रांतीच पुरेशी असते.

झुडपांखाली आणि पालापाचोळा साचलेल्या जागी थेंबाची परीक्षा करावी. वरची राख हलक्या हाताने बाजूला सारून उघड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडावा. तो लगेच मुरला तर ठीक. पाच सेकंदांहून अधिक काळ मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्या मातीवर पाणी झिरपू न देणारा थर तयार झाला आहे आणि पहिल्या पावसात तिथून पाणी धावणार आहे. अशा जागेच्या वरच्या अंगाला जळक्या फांद्या समतल रेषेत, जमिनीला टेकतील अशा आडव्या टाकाव्यात; दगड हाताशी असतील तर ताल, म्हणजे दगडांचा आडवा बुटका बांध, घालावी. जळालेल्या उतारावर लगोलग सलग समतल चर खणण्याचा उत्साह मात्र आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चर हे उत्तम काम आहे, पण जिवंत ठोंबे उपटून आणि उघडी माती आणखी मोकळी करून ते करण्याची ही वेळ नव्हे. ते पुढच्या वर्षावर ढकलल्याने काही बिघडत नाही.

शेवटी चार-पाच ठिकाणी खुणेचा दगड ठेवून तिथून ठरावीक दिशेने छायाचित्र घ्यावे आणि दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा घेत राहावे. चराई खुली करायची की नाही यावर गावात वाद होतो तेव्हा ही छायाचित्रेच उपयोगी पडतात.

तिसरे काम : चराई बंद करा, पण गुरांची सोय आधी लावून

पश्चिम अमेरिकेतल्या सरकारी कुरणांवर वणव्यानंतर साधारण दोन वाढीचे हंगाम चराई थांबवण्याची प्रथा आहे. तिथे जळालेल्या जागेवर चीटग्रास नावाचे परके हंगामी गवत पसरते, लवकर वाळते आणि पुन्हा पेट घेते. आपल्याकडे ‘वाढीचा हंगाम’ म्हणजे जून ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबर. गवताचा सगळा जमाखर्च या चार-पाच महिन्यांत होतो. त्यामुळे आगीच्या दिवसापासून गवताचे बी पिकून गळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, जळालेली जागा पूर्ण बंद ठेवावी. ठोंबे निम्म्याहून कमी वाचली असतील किंवा उतार तीव्र आणि माती नुसती मुरमाड असेल तर दुसरा पावसाळाही द्यावा.

आग लहान असेल तर राखण अधिक कडक लागते, हे सहसा लक्षात येत नाही. सगळा डोंगर जळला तर जनावरे विखुरतात. पण पन्नास एकरांपैकी पाचच एकर जळाले असतील तर पहिल्या पावसानंतर गावातले प्रत्येक जनावर त्या पाच एकरांवरच्या कोवळ्या हिरवळीकडे ओढले जाते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तर या ओढीचा उपयोग करून घेतात : उंच गवताच्या कुरणाचा दरवर्षी वेगळा तुकडा मुद्दाम जाळायचा, म्हणजे गुरे आणि बायसन आपोआप तिकडे जातात आणि आधीच्या तुकड्यांना विसावा मिळतो. तिथे कुरणे अफाट आहेत, माती खोल आहे आणि जाळणे योजनेनुसार होते. आपल्याकडे हातभर मातीच्या उतारावर आणि गावभरच्या गुरांसमोर तोच प्रयोग करायला जाऊ नये.

बंदी म्हणजे काटेरी तारच हवी असे नाही. बाभळीच्या आणि बोराटीच्या फांद्यांचे कुंपण, जुन्या गुरवाटेवर घातलेली काटेरी आडकाठी आणि जून-जुलैत एक राखणदार एवढ्यावर बरेच साधते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेच्या ठरावाने पाळून दाखवली, आणि तिथे गवत कापून नेण्याची मुभा असल्यामुळे ती टिकली. नुसते ‘बंद’ म्हटले की रात्री गुरे सुटतात. त्यामुळे ठराव करण्याआधीच कोणाकडे किती जनावरे आहेत, कडबा किती शिल्लक आहे, मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) कोण करू शकेल आणि बांधावरचे गवत कोणाला मिळेल, याची यादी करावी. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि चार शेळ्यांवर घर चालते, त्याची सोय यादीत सर्वांत वर असावी. नाहीतर बंदीचा सगळा भार त्याच्यावर पडतो आणि ती मोडणाराही तोच ठरतो.

मेंढपाळ धनगरांचे वाडे उन्हाळ्यात वाटेवर असतात. त्यांना जळालेल्या उतारावर बसू देण्यापेक्षा खालच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवण्याचा ठराव करावा. लेंडीखताचा लाभ शेताला होतो, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात आणि डोंगर मोकळा राहतो.

पावसाळ्यात काय पाहावे

पेरणीची गरज असेल तर ती पाऊस लागताच करावी. मारवेल, डोंगरी आणि त्यांच्या जोडीला स्टायलो या द्विदल चारापिकाचे बी पांढऱ्या राखेच्या पट्ट्यांवर विखरून खराट्याने हलकेच मातीआड करावे.

त्यानंतर दर पंधरवड्याला तणांचा फेरफटका घालावा. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, वरून जळाली तरी बुंध्यापासून जोमाने फुटते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत; रानमोडीचे तसेच आहे. म्हणजे चराई चालू राहिली तर चवीचे गवत कमी होते आणि यांना रान मोकळे मिळते. पहिल्याच पावसाळ्यात, माती ओली असताना, घाणेरीचे फुटवे मुळासकट काढणे सर्वांत सोपे जाते. भुकेले जनावर चाऱ्याअभावी तिचा पाला खाते तेव्हा यकृताला बाधा होते, डोळे पिवळे पडतात आणि उन्हात कातडी सोलवटते. अशा जनावराला ताबडतोब सावलीत बांधून पशुवैद्यकांना बोलवावे. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली गुरेही जळालेल्या जागेत नेऊ नयेत, कारण बी शेणातून तिथे पडते आणि शेणाच्याच खतावर रुजते.

ओल्या मातीवर एकदा खूर उमटला की तिथली माती दबते, हवा आणि पाणी आत जाण्याच्या वाटा बुजतात आणि नव्या मुळांना शिरायला जागा उरत नाही. परीक्षेसाठी चार बोटे खालची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा गोळा होऊन तो बोटाच्या दाबानेही फुटत नसेल तर त्या दिवशी एकही जनावर तिथून नेऊ नये, रस्ता म्हणूनसुद्धा नाही.

चराई खुली करण्याआधीच्या तीन परीक्षा

तारीख पाहून निर्णय घेऊ नये. पहिली परीक्षा उपटण्याची. गवताची मूठ जनावराच्या तोंडाप्रमाणे घट्ट धरून एका हिसक्यात ओढावी. पाने तुटून हातात आली तर मुळे पकडून आहेत. ठोंब हलला किंवा मुळासकट वर आला तर ती जागा अजून तयार नाही. निरनिराळ्या ठिकाणी हे वीसेक वेळा करावे.

दुसरी परीक्षा पावलांची. उतारावर आडवे शंभर पावले चालावे आणि दर पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आहे ते नोंदवावे : गवत, पाचोळा, दगड की उघडी माती. उघडी माती शंभरात तीसपेक्षा अधिक वेळा आली तर धूप आटोक्यात आलेली नाही. तिसरी परीक्षा बियांची, आणि ती डोळ्यांनीच होते : बहुतेक काड्यांच्या तुऱ्यांतून दाणे गळलेले असावेत.

तिन्ही परीक्षा पार पडल्या तरी पहिल्या वर्षी गुरे सोडण्यापेक्षा विळ्याने कापून नेणे मी पसंत करीन. कापणी जमिनीपासून चार बोटे वर करावी, म्हणजे ठोंबाला संरक्षण राहते.

पहिली चराई आणि तिचा हिशेब

पाऊस संपून जमीन टणक झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात सुरुवात करावी. किती जनावरे किती दिवस सोडायची हे अदमासाने ठरवू नये. एक मीटर लांब-रुंद चौकोनातले गवत कापून, कडक वाळवून तोलावे. असे सात-आठ चौकोन घेऊन सरासरी काढावी. समजा ती ३०० ग्रॅम आली, तर हेक्टरी ३ टन सुका चारा झाला. त्यातला निम्मा जागेवरच सोडायचा, म्हणजे हाती १,५०० किलो राहिला. ३०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण ७ किलो सुका चारा लागतो, म्हणून एका हेक्टरवर एक गाय सुमारे २१० दिवस किंवा दहा गाई २१ दिवस चरू शकतील. पाच शेळ्या-मेंढ्या म्हणजे ढोबळमानाने एक गाय धरावी. दुसरी कोणतीही अडचण दिसली तर दिवस आणखी कमी करावेत, वाढवू मात्र नयेत.

आधी गाई सोडाव्यात. गाय जिभेने गवत गुंडाळून ओढते, त्यामुळे तिला फार खालून खाता येत नाही. मेंढी ओठांनी जमिनीलगत दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत कुरतडते, म्हणून पहिल्या वर्षी मेंढ्या नकोतच. पाण्याची जागा आणि मिठाचा दगड जळालेल्या भागापासून दूर ठेवावा. गुराख्याने कळप उताराला आडवा न्यावा. रोज एकाच वाटेने वर-खाली हाकलेल्या गुरांची वाट पुढच्या पावसात ओघळ बनते. रात्रीची बसण्याची जागाही बाहेरच हवी.

शेळ्या आणि धुमारे

पळस, धावडा, साग, खैर, टेंभुर्णी यांचे खोड जळाले तरी बुंध्यापासून धुमारे येतात, आणि शेळीला गवतापेक्षा तेच आवडतात. मागच्या पायांवर उभी राहून ती बरीच उंच पोहोचते. त्यामुळे धुमाऱ्यांचा शेंडा दोन मीटरच्या वर जाईपर्यंत त्या भागात शेळ्या नेऊ नयेत. जमीन आणि झाडानुसार याला दोन ते चार वर्षे लागू शकतात. एका बुंध्यावर दहा-बारा धुमारे आले असतील तर दुसऱ्या वर्षी दोन-तीन सशक्त ठेवून बाकीचे कापावेत आणि तो पाला शेळ्यांना गोठ्यात घालावा.

दुसऱ्या वर्षापासून

दुसऱ्या वर्षी जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुन्हा विश्रांती द्यावी, नंतर हिशेबाने चारावे. कायमची बंदी हा उपाय नव्हे. न कापलेले, न चरलेले गवत दोन-तीन वर्षे साचले की फेब्रुवारीत तो आयता पेटवण असतो, आणि पुढची आग पहिलीपेक्षा मोठी होते. कास पठारावर घातलेले कुंपण काही वर्षांनी काढण्यात आले, त्यामागेही चराई थांबल्याने उंच गवत वाढून लहान फुलझाडे झाकली जातात हे एक कारण सांगितले गेले.

गुरांचा सर्वांत चांगला उपयोग डिसेंबर-जानेवारीत जाळरेषांच्या, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांच्या, दोन्ही बाजूंना होतो. वन विभाग किंवा गाव जी पट्टी साफ करते, तिला लागून पंधरा-वीस मीटर रुंदीत गुरे रोज फिरवून वाळके गवत घोट्याच्या खाली आणावे. जाळरेषेची रुंदी न वाढवता तिचा आडोसा वाढतो. कोकणच्या बाजूला भाताच्या राबाची (रोपवाटिकेची जमीन पालापाचोळा जाळून भाजण्याची) आग डोंगरावर चढते, विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळताना ती पसरते. आपल्या गावात आग कुठून येते हे पाहून तीच बाजू आधी चारून घ्यावी, आणि हे काम १५ फेब्रुवारीपूर्वी संपवावे.